कव्हरखालची गाडी आणि रविवारची पाच मिनिटं

संपादक महोदय,

दसरा आला की सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जूनपासून कव्हरखाली असलेल्या दमदार इंजिनाच्या महागड्या गाड्या उघड्या होतात. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, चार फोटो, की संध्याकाळी परत कव्हर. ‘पावसाळाभर दर रविवारी पाच मिनिटं चालू करत होतो हां,’ हे वर कौतुकानं सांगितलं जातं. तळहाताच्या फोडासारख्या जपलेल्या या गाड्यांचं नुकसान त्या पाच मिनिटांतच होतं, म्हणून हे पत्र.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन नीट तापलेलं असेल तर वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. थंड असेल तर तिचं पाणी होतं. काही सायलेन्सरमध्ये साचून गंज धरवतं, काही पिस्टनच्या रिंगांना चुकवून ऑइलमध्ये उतरतं. शिवाय थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन तेही खालीच जातं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू बघा. सायीसारखा पिवळट थर दिसला आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत नसेल, तर ही रविवारची कमाई.

बॅटरीचंही तेच. अलार्म, लॉक, कॉम्प्युटर मिळून 50 मिलिअँपिअर खात असतील तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास गेले, म्हणजे 70 अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात निम्मी. उभ्या जागी इंजिन नुसतं चालू ठेवलेल्या पाच मिनिटांत आठवड्याची तूट भरत नाही. उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.4 व्होल्टच्या खाली आकडा दिसला तर चार्ज करा. त्यापेक्षा पार्किंगमध्ये प्लग असेल तर आपोआप थांबणारा चार्जर जोडून ठेवावा आणि रविवारी निवांत झोपावं.

गाडी चालू करायची तर चालवायचीच, पंधरा दिवसांतून एकदा, निदान 25-30 किलोमीटर. कूलंटचा काटा चार-पाच किलोमीटरमध्ये मध्यावर येतो, त्यावर भुलू नका. ऑइल तापायला त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर लागतं. ऑइलचं तापमान दिसत असेल तर 80 अंशांपर्यंत, नसेल तर पहिले 10-12 किलोमीटर, इंजिन अडीच-तीन हजार आरपीएमच्या वर नेऊ नये. त्यानंतर मात्र संकोच नको. मोकळा रस्ता बघून दोन-तीनदा रेडलाइनजवळ, म्हणजे आरपीएमच्या काट्यावरच्या लाल पट्ट्याजवळ, जाऊ द्या. मोठ्या इंजिनाच्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच 100 गाठतात, तेव्हा द्रुतगती मार्गाची मर्यादा न मोडताही त्या इंजिनाचं पूर्ण गाणं ऐकता येतं. परतीचे शेवटचे तीन-चार किलोमीटर हळू, नाहीतर तापलेल्या टर्बोत ऑइल जळून त्याची काजळी धरते. एसी चालू ठेवा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहतं.

ब्रेकच्या डिस्कवर दमट हवेत एका रात्रीत तांबूस गंज येतो. 60 वरून 20 वर असे पाच-सहा नेटके ब्रेक मारले की तो निघतो. महिनोन् महिने हँडब्रेक ओढून ठेवला तर पॅड डिस्कला चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये किंवा ‘पी’वर, चाकाला ठोकळा लावून गाडी उभी करावी. ब्रेक ऑइल किलोमीटरवर नाही, तारखेवर बदलायचं: दर दोन वर्षांनी. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असतो, पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा 155. घाटात ब्रेक तापून ते उकळतं आणि पायाखालचं पेडल अचानक मऊ लागतं ते यामुळे.

जपण्यावर आमचा राग नाही. पुढच्या बंपरला पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म, लावणं शहाणपणाचंच, आणि 35-40 प्रोफाइलचे, म्हणजे बुटक्या बाजूंचे, टायर घेऊन जुलैच्या खड्ड्यांत जाणं हा वेडेपणा, रिम वाकते. पण पावसात प्लास्टिकचं कव्हर घालू नका. आत कोंडलेल्या दमटपणानं रंगाला फोड येतात. हवा खेळती राहील असं कापडी घ्या. आणि बॉनेट अधूनमधून उघडा. उंदरांना वायरी फार आवडतात.

‘सात वर्षांत फक्त सहा हजार किलोमीटर’ अशी जाहिरात वाचून गाडी बघायला जाणाऱ्यांनी आधी टायरसमोर वाकावं. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे 2318 असतील तर टायर 2018 च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी नव्यासारखी दिसते, रबर मात्र कडक झालेलं असतं, आणि ‘समृद्धी’वर 120 च्या वेगात तो टायर नक्षी बघून टिकत नाही. चार टायर, बॅटरी, ब्रेक ऑइल आणि इंजिन ऑइल यांचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावीत.

आपला,
एक वाचक, पुणे