पत्त्याचा पत्ता

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी ‘सी’ भाषेच्या प्रात्यक्षिकाला माझी लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता ठेवून गुंफलेली यादी, दर वेळी रिकामीच निघत होती, आणि कोड बरोबर आहे म्हणून मी सगळ्या वर्गासमोर आपल्याशी हुज्जत घालत होते. आपण माझ्याशी वाद घातला नाहीत. शेजारच्या मुलीकडे वळलात आणि कपाटावर एक चिठ्ठी चिकटवलीत : ‘किल्ली शेजारी’. चिठ्ठीत किल्ली नसते, किल्लीचा ठावठिकाणा असतो. पॉइंटरचेही तेच, त्यात माहिती नसते, तिचा मेमरीतला पत्ता असतो, असे आपण तिला सांगितलेत. मग वहीच्या कागदावर चिठ्ठीची नक्कल केलीत, नकलेवरचे ‘शेजारी’ खोडून ‘वाण्याकडे’ लिहिलेत आणि कपाटावर आता काय लिहिले आहे, असे विचारलेत. तिथे अर्थातच अजून ‘शेजारी’च होते.

‘सी’मध्ये फंक्शनला जे द्यावे त्याची नक्कलच मिळते, मग तो पॉइंटर का असेना. माझे फंक्शन नव्या नोडचा, म्हणजे नव्या नोंदीचा, पत्ता इमानेइतबारे नकलेत लिहीत होते आणि यादीच्या पहिल्या नोंदीचा पत्ता ठेवणारे मूळ हेड नलच, म्हणजे रिकामेच, राहत होते. मूळ चिठ्ठी बदलायची, तर ती कुठे चिकटवली आहे हे फंक्शनला कळायला हवे, म्हणजे पत्त्याचा पत्ता द्यायला हवा. मी गुपचूप पॉइंटरची खूण असलेली एक तारका (*) वाढवली, फंक्शनला हेड देताना त्याचा पत्ता देणारा अँपरसँड (&) लावला, आणि यादी भरली.

आज मी सर्व्हर सांभाळते. संकेतस्थळाचे नाव तेच ठेवून मागचे यंत्र बदलता येते, ते १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या डीएनएसमुळे, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेमुळे. तीही कपाटावरची चिठ्ठीच. मात्र यंत्राला पत्ता अचूक लागतो; एका अंकाने चुकला, तर भलत्याच दारी जाणे आले. बोलण्यातल्या आडवळणाचे तसे नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणतात त्यात सुनेचे नावही येत नाही, तिला न कळल्याचे सोंग घेता येते, आणि सासूलाही ‘तुला कोण म्हणाले?’ असे म्हणून निसटता येते.

त्या दिवशी तसे सोंग मीही घेतले. जर्नलवर सही करताना आपण ‘जमलं ना?’ एवढेच विचारलेत, तेही त्या मुलीला. तिची लिस्ट तर पहिल्याच तासाला चालली होती.

आपली विद्यार्थिनी