नवे गाव म्हणजे जुने गाव नव्हे

‘जर्मनीतील आदर्श पुनर्वसन’ हा लेख (रविवार पुरवणी) वाचला. कोळशाच्या खाणीसाठी गाव हलवूनही तेथे कोणाचे नुकसान झाले नाही, हा लेखातील निष्कर्ष पटला नाही.

पश्चिम जर्मनीतील एर्केलेन्झ नगरपालिकेच्या हद्दीतील इमराथ हे छोटे गाव गार्त्सवाइलर खाणीत गेले. काही अंतरावर त्याच नावाचे नवे गाव वसवले गेले. घरांची भरपाई मिळाली, दफनभूमीतील मृतांचे अवशेषही नव्या जागी नेले गेले. पण १८९१ साली पूर्ण झालेले दोन मनोऱ्यांचे सेंट लाम्बेर्टुस चर्च जानेवारी २०१८ मध्ये पाडले गेले. एवढ्याशा गावाच्या मानाने ते इतके भव्य होते, की पंचक्रोशीत त्याला ‘इमराथचे कॅथेड्रल’ म्हणत. त्याची भरपाई कोणत्या दराने करायची?

शेजारच्या कायेनबर्गची कथा तर अधिक जिव्हारी लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकार आणि खाण कंपनी यांच्यात या भागातील कोळसा २०३० पर्यंतच वापरण्याचे ठरले आणि कायेनबर्गसह पाच गावे वाचली. तोवर बहुतेक कुटुंबे घरे विकून निघून गेली होती. गाव उभे राहिले, गावकरी मात्र पांगले. लेखात या पाच गावांचा साधा उल्लेखही नाही. पुनर्वसनाला ‘आदर्श’ म्हणण्यापूर्वी कायेनबर्गच्या बंद घरांकडे पाहायला हवे होते.

– एक वाचक, सांगली