संचालक होशील तेव्हा

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फोनवर म्हणालीस, "बाबा, इन्स्टिट्यूटच्या डायरेक्टरपदासाठी विचारलंय, काय करू?" आणि मी नुसतं "छानच की!" म्हणून फोन आईकडे दिला. रात्री झोप लागली नाही. लेकीने खरं विचारलं होतं आणि मी वरवरचं बोललो.

हो म्हण. तू ते काम चांगलं करशील याविषयी मला शंका नाही. पण त्याआधी आयआयएमच्या रवी मथाईंची कारकीर्द एकदा नीट आठव.

अहमदाबादचं आयआयएम १९६१ साली सुरू झालं. विक्रम साराभाई आपला प्रयोगशाळेचा व्याप सांभाळून तिथे मानद संचालक होते. १९६५ साली मथाई पहिले पूर्णवेळ संचालक झाले, वय अवघं ३८. ऑक्सफर्डची पदवी, कलकत्त्यात कंपनीतली नोकरी आणि तिथल्याच आयआयएममध्ये थोडं अध्यापन, एवढी शिदोरी. पीएच.डी. नव्हती. अशा माणसाने प्राध्यापकांवर हुकमत गाजवली नाही. काय शिकवायचं, कसं शिकवायचं, हे प्राध्यापकांनी एकत्र बसून ठरवावं, ही रीत त्यांनी रुजवली. संचालक म्हणजे त्यांच्यातलाच एक, एवढंच. ती संस्था मोठी झाली ती यामुळे, असं माझं ठाम मत आहे. इमारती सगळ्यांनाच बांधता येतात.

मला सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट. १९७२ साली, पंचेचाळिशीत, ते आपणहून पायउतार झाले आणि त्याच संस्थेत प्राध्यापक म्हणून राहिले. सॅम्युअल पॉल संचालक झाले. मथाई पुढे राजस्थानात, तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा भागात गेले आणि विणकर, चर्मकारांबरोबर बसून त्यांना स्वतःचा धंदा स्वतः कसा चालवता येईल हे शोधू लागले. व्यवस्थापन शास्त्र तिथे उपयोगी पडतं का, हे त्यांना बघायचं होतं. १९८४ साली गेले, तोवर त्यांचं शिकणं-शिकवणं चालूच होतं.

मी अकरा वर्षं प्राचार्य होतो. पहिल्याच वर्षी एस.वाय.चे कॉस्टिंगचे तास दुसऱ्याकडे दिले, म्हटलं, एवढी कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची टीम येऊन जाऊ दे. मग विद्यापीठाची कामं, बांधकाम, संस्थाचालकांचे फोन. पुन्हा खडू हातात आला नाही. निरोपाच्या दिवशी मला शाल-श्रीफळ देणारा मुलगा कोणत्या वर्गातला, हेही मला ठाऊक नव्हतं. ते मला अजून टोचतं.

तुझ्याकडेही एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, कागदपत्रं येतील, प्लेसमेंटचे आकडे येतील, सगळं तातडीचं असेल. म्हणून नियुक्तीपत्र हातात आलं की आधी वेळापत्रक करणाऱ्याला गाठ आणि सकाळचा पहिला तास स्वतःच्या नावावर लिहून घे. आणि किती वर्षांनी पद सोडणार, ते आजच जावईबापूंना सांगून ठेव.

कोणता विषय शिकवायला घेतलास, ते कळव.

तुझे,
बाबा