चि. निखिलला, तळटीपांविषयी

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

काकूचे टाके परवा काढले. ती झोपाळ्यावर बसून सगळ्यांना हुकूम सोडते आहे, म्हणजे ठीक आहे.

तापमानवाढीच्या त्या कादंबरीवरून तुझं आणि ताईचं जे भांडण झालं त्यावर मी एक अक्षर लिहिणार नाही, असं ठरवूनच बसले आहे. पुस्तकावर लिहिते. 'आधी वाच, मग बोल' म्हणालास ना? वाचलं. पेन्सिल घेऊन, दोनदा. मायकल क्रायटनची 'स्टेट ऑफ फिअर', डिसेंबर २००४. तापमानवाढीची भीती फुगवलेली आहे, असं सांगणारी. कादंबरीत टोकाच्या पर्यावरणवाद्यांचा सुनामी घडवून आणण्याचा कट, आणि पुस्तक दुकानात येऊन महिना होत नाही तोच २६ डिसेंबरची खरी सुनामी! तेव्हा ज्यांच्या हातात ते होतं त्यांची छाती धडधडली तर नवल नाही.

ज्यांना पुस्तक पटतं ते तुझ्यासारखंच बोलतात: एवढ्या तळटीपा, आलेख, पानंच्या पानं ग्रंथसूची, हे खोटं कसं असेल? जे चिडतात त्यांतले पुष्कळ न उघडताच चिडलेले असतात. ताई त्यांतलीच, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं आहे. तिसरे वाचक मला जवळचे वाटतात. त्यांची तक्रार एवढीच की दोन संकटांच्या मधे केनर, म्हणजे क्रायटनची बाजू मांडणारं पात्र, व्याख्यान झोडतो आणि बाकीचे मान डोलवतात. विरुद्ध बाजू मांडायला ठेवला आहे तो एक मठ्ठ नट, आणि त्यालाही शेवटी नरभक्षक खातात. वाद जिंकायची ही रीत सोपी आहे. तू ताईशी तशीच बोललास. असो, ते नाही लिहायचं.

तू परिशिष्टासकट सगळं वाचलंस याचा मला अभिमान आहे, खरंच. पण तळटीप खरी आहे म्हणजे तिच्यात दिलेला लेख अस्तित्वात आहे, इतकंच. तो लेख कादंबरी म्हणते तेच म्हणतो का, हे लेख उघडल्याशिवाय कळत नाही. अंटार्क्टिका गार होतो आहे हे तू ज्याच्या जोरावर म्हणालास, तो पीटर डोरन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा 'नेचर'मधला लेख. त्यात १९६६ ते २००० मध्ये खंडाचा ५८ टक्के भाग गार झाला असं आहे, म्हणजे उरलेला तापत होता. जुलै २००६ मध्ये डोरननी स्वतः 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं की या कादंबरीत आणि इतरत्र आपल्या कामाचा विपर्यास झाला, तापमानवाढ नाकारणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढा. लेखाचा कर्ताच असं म्हणतो म्हटल्यावर तळटीप कितीही अचूक छापलेली असो, काय उपयोग?

हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सनचं तसंच. १९८८ च्या जूनमध्ये त्याने अमेरिकी सिनेटसमोर पुढे तापमान किती वाढेल याच्या अ, ब, क अशा तीन शक्यता मांडल्या. सगळ्यांत भडक ती अ, आणि ब जास्त संभवनीय असं तो स्वतः म्हणाला होता. १९९८ मध्ये एका टीकाकाराने अमेरिकी संसदेपुढे आलेख दाखवताना ब आणि क गाळून टाकल्या. कादंबरीत 'अंदाज ३०० टक्क्यांनी चुकला' येतं ते त्या एकट्या अ वरून. प्रत्यक्ष तापमान ब च्या आसपास, थोडं खालूनच गेलं.

आता तुझं आल्बनी. तुझ्या राहत्या गावाच्या तापमानाचा आलेख पुस्तकात उतरता निघाला, म्हणून तुझा एवढा विश्वास बसला, हे मी ओळखते. पण आलेख कुठून येतो ते बघ. झडपांची पांढरी पेटी, दार उत्तरेला, आत दोन तापमापक. कमाल तापमापकात पारा चढतो तो बारीक गळ्यामुळे आपोआप उतरत नाही, झटकून उतरवावा लागतो. किमान तापमापकात अल्कोहोल आणि आत एक दर्शक काडी, ती तिरपं करून पुन्हा टोकाला आणायची. सगळी मेख हे काम किती वाजता करता यात आहे.

संध्याकाळी पाचला पारा झटकला आणि हवा अजून ३३ अंश आहे, तर तो लगेच ३३ वर जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी पाऊस येऊन हवा २७ च्या वर गेलीच नाही, तरी वहीत ३३ च. एक तापलेली दुपार दोनदा मोजली गेली. सकाळी सातला काडी लावली तर उलटं, एक गारठलेली पहाट दोनदा मोजली जाते. अमेरिकेतल्या बहुतेक ठाण्यांवर स्वयंसेवक नोंद घेतात. आधी त्यांच्यातले पुष्कळ संध्याकाळी घेत, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सकाळी घेऊ लागले. हवा आहे तशीच राहिली तरी वहीतला आकडा घसरणार. शिवाय पेटी इमारतीच्या गच्चीवरून विमानतळावर हलते, पाऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक मापक येतो. म्हणून एका गावाचा कच्चा आलेख पृथ्वीबद्दल काही सांगत नाही. आल्बनीचा उतार तुझ्या बाजूने मोजू नकोस, तशी न्यूयॉर्क शहराच्या आलेखाची चढणही ताईने तिच्या बाजूने मोजू नये. शहराचं डांबर तापतं हे क्रायटनचं म्हणणं बरोबरच आहे. पण समुद्रही तापला आहे, आणि समुद्रावर डांबर नाही.

बघ, पुन्हा शिकवायला लागले. वेधशाळेत आयुष्य गेलं की ही खोड लागते. माफ कर.

तुम्ही दोघं अंगणातल्या पर्जन्यमापकासाठी भांडायचात. ताई मिलिमीटर वाचायची, तू वहीत लिहायचास, आणि एका जुलैत तू तिचा ६२ चा आकडा खोडून ६० केलास, कारण तुला गोल आकडे आवडायचे. ती दोन दिवस बोलली नव्हती. दोनच दिवस. आता राखी येऊन पडली असेल तुझ्याकडे. तिने पाठवली आहे, न बोलता. असो.

क्रायटनचं सगळं टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावरचं बर्फ घटण्यामागे नुसती तापमानवाढ नाही, हे म्हणणारे हिमनदीचे अभ्यासक खरोखर आहेत. शेवटी लेखकाच्या निवेदनात तो कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे आणि त्यामागे बहुधा माणूस आहे, हे मान्य करतो. ते पान तू ताईला पाठवलं नाहीस. तिथेच तो शतकाअखेरची वाढ ०.८१२४३६ अंश असेल असा 'अंदाज' देतो. सहा दशांश! ही भाकितं करणाऱ्यांची टिंगल आहे, तिला तू पुरावा म्हणून पुढे केलंस. मला हसू आलं आणि मग जरा भीती वाटली. तू इतका हुशार, आणि टिंगल ओळखली नाहीस, की ओळखायची नव्हती?

२८ सप्टेंबर २००५ ला तापमानवाढ न मानणाऱ्या अमेरिकी सिनेटर इनहॉफनी याच कादंबरीकाराला सिनेट समितीपुढे साक्षीला बोलावलं. पुढच्या वर्षी पेट्रोलियम भूवैज्ञानिकांच्या संघटनेने त्याला पत्रकारितेचा पुरस्कार दिला. कादंबरीला, पत्रकारितेचा. ताई भडकली ती यावर होती, तुझ्यावर नाही. तुला ते तसं ऐकू आलं नाही.

डोरनचा लेख आणि त्याचं २००६ चं टिपण, दोन्ही एकाच दिवशी वाच. मग तुला जे वाटेल ते मला लिही, मी वाद घालणार नाही. घालेन, पण थोडाच.

तुझ्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेसहा. तेव्हा ती चहा टाकते आणि फोन ओट्यावरच असतो. नंबर बदललेला नाही.

तुझी,
आई