वजनकाटा माळ्यावर टाकायला लावणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. "डॉक्टरांचं लिहा, माझं कशाला?" डॉक्टरांचे आभार त्यांच्या केबिनमध्ये मानून झाले, पेढेही देऊन झाले. हे पत्र तुमचं. उघड लिहितेय, कारण दुकानात ब्लाउजचं माप द्यायला आलेली एखादी बाई हळूच विचारतेच, "तू म्हणे चरबी काढून घेतलीस? किती किलो गेलं?" हो, लायपोसक्शन केलं, म्हणजे कातडीखालची चरबी नळीने ओढून काढायचं ऑपरेशन. तेच तेच सांगून तोंड दुखलं. आता म्हणेन, हे वाचा.

किती किलो, हाच प्रश्न घेऊन मीही आले होते. मिरजेला तुमच्या दवाखान्यात यायच्या आधी एका ठिकाणी जाऊन आले. नाव नको. तिथल्या मॅडमनी माझ्याकडे धड पाहिलंही नाही, नुसता कॅल्क्युलेटर बडवला. एका दिवसात १० किलो, संध्याकाळी घरी, आणि आजच पैसे भरले तर सूट. भिशीचे पैसे पर्समध्येच होते. घरी विचारून येते म्हणाले आणि इचलकरंजीची एसटी धरली, म्हणून वाचले.

तुमच्या डॉक्टरांनी नीट तपासलं, समजावलंही. पण डॉक्टरांसमोर माणूस नुसती मान हलवतो. बाहेरच्या छोट्या खोलीत तुम्ही टेपने मापं घ्यायला लागलात आणि माझा चेहरा बघून तेच सगळं पुन्हा सावकाश करून दाखवलंत. आधी माझ्याच हाताने कमरेला चिमटा घ्यायला लावलात. "चिमटीत आलं ते कातडीखालचं. नळीने निघतं ते एवढंच." मग पोटाचा वरचा भाग. तिथे चिमटीत जेमतेम कातडी आली. "हे पोट आतून पुढे आलंय. आतड्यांभोवतीच्या चरबीपर्यंत ही नळी जात नाही. ते तुमच्या ताटाचं आणि चालण्याचं काम." शेवटी उताणं झोपवून मान उचलायला सांगितलीत. बेंबीच्या वर मधोमध तुमची दोन बोटं रुतली. दोन बाळंतपणांत स्नायू फाकलेत, चरबी काढून ते जुळायचे नाहीत.

मी विचारलं, "आणि सिझरच्या टाक्यावरून लोंबतं ते?"

तुम्ही टेप गुंडाळत म्हणालात, "ताई, तुम्ही शिवणकाम करता ना? उशीतला कापूस काढला तर अभ्रा आपोआप लहान होतो का?"

वीस वर्षं मशीनवर बसतेय, इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. कातडीत दम असेल तर ती आवळते. माझी कमरेची कातडी बरी होती, ओटीपोटाची पार सैलावलेली. तिला नीट करायचं तर जादाची कातडी कापून काढायची, म्हणजे टमी टक, आणि टाका एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत. मला ते नको होतं. स्ट्रेच मार्क्सही जाणार नाहीत, तेही तुम्ही मी विचारायच्या आत सांगून टाकलंत.

मग मापाच्या कागदाची पाठ माझ्यापुढे केलीत. "काय जाणार, काय राहणार, तुमच्या अक्षरात लिहा." तो कागद माझ्या बॉबिनच्या डब्यात आहे अजून. 'जाणार'खाली एकच ओळ: दोन्ही बाजूंचे टायर, कंबर अडीच ते तीन इंच. 'राहणार'खाली सहा ओळी झाल्या. शेवटच्या दोन, वजन आणि साखर.

साखरेचं मला फार लागलं होतं. आईला मधुमेह, माझी सीमेवर. मला वाटायचं, चरबी गेली की साखर उतरणारच. डॉक्टरांनी त्यावर २००४ सालचा अमेरिकेतला एक अभ्यास सांगितला होता, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. १५ लठ्ठ बायकांची प्रत्येकी १० किलोच्या आसपास चरबी लायपोसक्शननं काढली, १०-१२ आठवड्यांनी तपासलं, तर ना इन्सुलिनच्या कामात फरक, ना बीपीत, ना कोलेस्टेरॉलमध्ये. शिवाय ५ लिटरच्या वर काढायचं तर रात्रभर दवाखान्यात ठेवून लक्ष द्यावं लागतं. हे ऐकताना मला तो कॅल्क्युलेटर आठवला आणि पोटात गोळाच आला. १० किलो आणि संध्याकाळी घरी!

तरी मी करून घेतलं. त्या एका ओळीसाठी. दीड वर्षात चालून, रात्रीचा भात सोडून ७४ वरून ६६ वर आले होते, वर्षभर तिथेच टिकले होते, आणि टायर जागचे हलले नव्हते. मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, पैसे माझे होते. काहीजणींना हे थेर वाटतात, वाटू देत.

ऑपरेशननंतर मी बाटली बघायचा हट्ट धरला. तुम्ही आणून दाखवलीत. अडीच लिटर. वर पिवळं, लोण्यासारखं, खाली लालसर पाणी. "वरचं तुमचं. खालचं बरंचसं आम्हीच घातलेलं, भूल यावी आणि रक्त कमी जावं म्हणून." म्हणजे माझं धरून चाला दीड किलो. त्याचं मला हसू आलं, भूल उतरत असताना हसले म्हणून तुम्ही ओरडलात.

त्या रात्री भोकांतून गुलाबी पाणी गळायला लागलं तेव्हा घरचे घाबरले, मी नाही, कारण जुन्या चादरी आणि प्लास्टिक तुम्ही आधीच काढून ठेवायला लावलं होतंत. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालायचं, पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, हेही. आणि दम लागला, छातीत दुखलं किंवा पोटरी सुजली तर फोन करत बसायचं नाही, सरळ यायचं. प्रेशर गारमेंट, म्हणजे कंबर घट्ट आवळून धरणारा तो कपडा, पहिल्यांदा काढताना चक्कर येते, बसून काढा म्हणालात. आलीच. बसले होते.

पाचव्या दिवशी मात्र मी गाढवपणा केला. काट्यावर चढले. ६७.४! ऑपरेशनच्या आधीपेक्षा जास्त. रात्री साडेनऊला तुम्हाला फोन करून रडले. मागे तुमच्या घरच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. "सूज आहे, पाणी आहे. सहा आठवडे गारमेंट, सहा महिने धीर. काटा माळ्यावर टाका, आणि टेप महिन्यातून एकदाच धरायची. गिऱ्हाइकाला सांगता ना, ब्लाउज एक धुणं झाल्यावर मग फिटिंग बघा म्हणून?" काटा त्याच रात्री मुलाने माळ्यावर टाकला.

मग जे झालं ते तुम्ही सांगितलं होतं त्याच चालीनं. मध्ये कातडी बधिर होती, परकराची नाडी बांधली की नाही ते हाताने चाचपून बघायचे. गाठी लागल्या, चोळून चोळून विरल्या. कंबर आधी साडेछत्तीस. सहा आठवड्यांनी ३५, तीन महिन्यांनी ३४, सहा महिन्यांनी साडेतेहतीस. वजन ६५. डाव्या कुशीत बोटभर खळगा राहिलाय, तिरक्या उजेडात दिसतो. डॉक्टर म्हणाले, करता येईल नीट. मी म्हटलं, असू दे. ओटीपोट तसंच लोंबतं. दिवाळीत दोन किलो चढले ते दंडावर आले, कारण उरलेल्या पेशी फुगायच्या थांबत नाहीत, हीही त्या सहांतली एक ओळ. खालचं पोट आरशात बघून आजवर एकदाही रडले नाही. ते कागदावर होतं ना.

साडी आता कमरेला बसते, परकराच्या वर वळी येत नाही. मला एवढंच हवं होतं, आणि एवढंच मिळेल हे तुम्ही आधी सांगितलंत, म्हणून मिळालेलं मला पुरलं.

तुमच्यासाठी ब्लाउजपीस आणलं होतं, तेही घेतलं नाहीत. "आमचं काय, रोज युनिफॉर्म." बरं, मग युनिफॉर्मच पाठवा. सलाईन लावायला हात वर केलात की उजव्या काखेत ओढतो तो, ॲडमिट होते तेव्हा पडल्यापडल्या बघत होते. मुंढा चुकलाय. आत माया असेल तर अर्धा इंच सोडून देते, नसेल तर काखेत कळी घालते. पुढच्या तपासणीला येईन तेव्हा काउंटरवर ठेवून जा.

तुमची,
ब्लाउजवाली ताई, इचलकरंजी