भगवानदादांच्या नावाने विकलेल्या मेकअप-पेटीबाबत तक्रार

परळ, मुंबई
दि. १४ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन लिलाव विभाग

विषय: 'भगवानदादांची १९५१ सालची मेकअप-पेटी' असे सांगून विकलेल्या वस्तूबाबत खुलासा व संपूर्ण परतावा मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या मे महिन्यातल्या लिलावात मी एक लाकडी मेकअप-पेटी घेतली. बोली ४६,००० रुपयांवर थांबली. आपले कमिशन, जीएसटी आणि कुरिअर धरून माझे ५८ हजारांच्या आसपास गेले. मी निवृत्त माणूस आहे. ही रक्कम माझ्यासाठी मोठी आहे, पण पत्र केवळ पैशांसाठी लिहीत नाही, हे पुढे वाचल्यावर आपल्या लक्षात येईल.

पेटीसोबतच्या प्रमाणपत्रात म्हटले आहे की, 'अलबेला' या हिंदी चित्रपटाच्या वेळी, म्हणजे १९५१ साली, चेंबूरच्या जागृती स्टुडिओत अभिनेते-दिग्दर्शक भगवानदादांनी स्वतः वापरलेली ही पेटी आहे आणि ती 'निकटवर्तीयांकडून' आपल्याकडे आली आहे.

जूनच्या पावसात हवेला ओल आली आणि झाकणाच्या आतल्या लाल मखमलीचा एक कोपरा सुटला. तो बसवायला गेलो तेव्हा खाली लाकडाला चिकटवलेली कागदी चिठ्ठी दिसली. पेटी बनवणाऱ्या दुकानाची चिठ्ठी. कागद पिवळा पडला आहे, शाई ठिकठिकाणी फुटली आहे, पण शेवटची ओळ स्वच्छ वाचता येते: काळबादेवी, बॉम्बे ४०० ००२.

आपल्या देशात पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याआधी पत्त्यात नुसते मुंबई २, मुंबई १४ असे लिहीत. माझ्याकडे त्या काळातल्या सिनेमांच्या गाण्यांच्या पुस्तिका आहेत, चोरबाजारातून एकेक करून जमवलेल्या. त्यांवरचे पत्ते असेच आहेत. १९५१ साली वापरलेल्या पेटीत १९७२ नंतरचा पत्ता कसा आला?

हा प्रश्न मी आपल्याला २४ जूनला ईमेलने विचारला. आठ दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले की, पेटी मध्यंतरी दुरुस्तीला गेली असावी आणि तेव्हा चिठ्ठी लावली गेली असावी. म्हणून मी आमच्या भागातल्या एका जुन्या सुताराला बोलावले. त्याने माझ्यासमोर मखमलीच्या चार चुका, म्हणजे बारीक खिळे, अलगद काढल्या. प्रत्येक चुकेखाली एकच भोक आहे. अस्तर एकदा काढून पुन्हा ठोकले असते, तर शेजारी जुनी भोके दिसली असती. ती नाहीत. म्हणजे चिठ्ठी आधी लागली, मखमल तिच्यावर बसली आणि तेव्हापासून कोणी उचकटली नाही. पेटी मुळातच १९७२ नंतरची आहे.

दुसरी गोष्ट झाकणावर कोरलेल्या 'भगवान' या नावाची. झाकणावर वापराचे जुने ओरखडे आहेत, त्यांत मळ बसून ते काळे झाले आहेत. नावाची अक्षरे मात्र हे ओरखडे कापत जातात, आणि अक्षरांच्या खाचांत लाकूड अजून फिके आहे. 'व'च्या गाठीजवळ तर भिंगाशिवाय दिसते. आधी ओरखडे पडले, नाव मागाहून कोरले. हे कोणी केले ते मला माहीत नाही आणि मी कोणावर आरोप करत नाही. पण वस्तू पारखण्याचे शुल्क आपण कमिशनमध्ये घेता. माझ्या साध्या भिंगाला जे दिसले ते आपल्या तज्ज्ञांना दिसायला हवे होते.

दादा नव्वदच्या दशकापर्यंत पडद्यावर दिसत होते, तेव्हा पेटी उत्तरार्धातली असेल असेही आपण म्हणाल. मग तसा पुरावा द्या आणि तसे सांगून विका. '१९५१' आणि 'अलबेला' हे दोन शब्द लिहिले म्हणून बोली ४६ हजारांवर गेली, नाहीतर अशी पेटी चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर दोन-तीन हजारांत मिळते.

माझे वडील गिरणी कामगार. दादांचे वडीलही गिरणीतलेच आणि दादांनीही मजुरी केलेली. त्यामुळे आमच्या चाळीत ते 'आपले' होते. गणपतीच्या मिरवणुकीत बँडने 'अलबेला'तले 'भोली सूरत' हे गाणे धरले की वडील एक हात वर करून, कंबरेत किंचित वाकून जी पावले टाकत, ती थेट दादांची. एरवी घरात चार शब्द न बोलणारा माणूस त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध नाचायचा. माझा संग्रह तिथून सुरू झाला.

दादांच्या वस्तू इतक्या दुर्मीळ का, हे आपल्याला ठाऊक असेलच. जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला. गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत त्यांचे बरेचसे चित्रपट गेले. ४ फेब्रुवारी २००२ ला ते गेले तेव्हा दादरच्या चाळीत राहत होते. ज्याचे असे एकेक करून सगळे गेले, त्याच्या नावावर खोटी वस्तू चढवली की उद्या खरी समोर आली तरी तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ही पेटी मी पुढे पेडर रोडच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला देऊ करणार होतो. तसे पत्रही लिहून ठेवले होते. ते पाठवले असते तर माझ्या हातून ही चूक सरकारी दप्तरात गेली असती. ही गोष्ट मला फार लागली आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. कमिशन आणि कुरिअरसह पूर्ण रक्कम परत करावी. 'विकलेला माल परत घेतला जात नाही' ही अट चुकीचे वर्णन करून विकलेल्या वस्तूला लागू होत नाही. प्रमाणपत्र लेखी रद्द करावे आणि संकेतस्थळावरील त्या लॉटचे, म्हणजे लिलावातल्या या वस्तूचे, वर्णन दुरुस्त करावे. 'निकटवर्तीय' म्हणजे कोण, कोणत्या कागदावर पेटी स्वीकारली, हे कळवावे. त्याच लिलावात त्याच विक्रेत्याकडून आलेली दादांच्या नावाची आणखी दोन लॉट विकली गेली, एक चष्मा आणि एक फेटा. त्या खरेदीदारांनाही हे कळवावे. त्यांना कदाचित अजून काहीच माहीत नसेल.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. १४ ऑगस्टपर्यंत समाधानकारक उत्तर आले नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावती, प्रमाणपत्राची प्रत, चिठ्ठीचे, चुकांच्या भोकांचे आणि अक्षरांचे जवळून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

पेटी मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवली आहे. चिठ्ठी जिथे होती तिथेच आहे, मी ती सोडवलेली नाही. आपला माणूस पाहायला येणार असेल तर आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे त्या सुतारालाही बोलावून ठेवतो.

कळावे,
आपला ग्राहक