मुलींच्या संघासोबत जायला एक आई हवी आहे

आपल्या हायस्कूलच्या सर्व पालकांना, आजी-आजोबांना आणि गावाबाहेर असलेल्या माजी विद्यार्थ्यांना सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या मुलींनी खो-खोत तालुका जिंकला, मग जिल्हाही जिंकला. पुढे विभागीय स्पर्धा होती. गावात बऱ्याच जणांना वाटतं की मुली तिथे हरल्या. त्या हरल्या नाहीत. त्या गेल्याच नाहीत.

झालं ते असं. मुलींना मुक्कामी न्यायचं तर सोबत बाईमाणूस हवंच. ज्या बाई जाणार होत्या त्यांच्या घरी आदल्या रात्री आजारपण आलं. क्रीडाशिक्षक पहाटे साडेचारपासून एकेका आईला फोन करत होते. कुणाची कांद्याची काढणी, कुणाच्या म्हशी, कुणाच्या घरी पाहुणे. मलाही फोन आला होता. मी शिवणकाम करते, दुसऱ्या दिवशी लग्नघरची ब्लाउजं द्यायची होती. मी नाही म्हणाले.

सहा वाजता बारा मुली शाळेच्या व्हरांड्यात पिशव्या घेऊन बसलेल्या होत्या. वेण्या घट्ट घातलेल्या, अंगात शाळेचा टी-शर्ट. कुणीतरी येईल म्हणून साडेसातपर्यंत वाट पाहिली. एसटी निघून गेली. मग सरांनी घरी जायला सांगितलं, तरी मुली उठेनात. शेवटी कॅप्टनने पिशवीतून फडकं काढलं. तिच्या आईने दोन दिवस पुरतील अशा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. ती शिदोरी त्यांनी तिथेच पायरीवर बसून वाटून खाल्ली. माझी मुलगी त्या बारा जणींत होती. घरी आल्यावर तिने मला काहीच विचारलं नाही, दप्तर घेतलं आणि परत शाळेत गेली.

पालक-शिक्षक संघाची सहसचिव म्हणून हे आवाहन लिहिताना पैशांच्या आकड्यांआधी हे सांगणं मला गरजेचं वाटलं. पैसे लागणार आहेत, ते पुढे लिहिलं आहे. पण त्या सकाळी पैसे कमी पडले नव्हते. त्या दिवशी एक आई कमी पडली.

यंदा शालेय स्पर्धा ऑगस्टपासून सुरू होतील. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा त्या चढत जातात आणि वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे असतात. आपल्या शाळेतून खो-खो, कबड्डी आणि मैदानी स्पर्धांचे संघ उतरतात. त्याच सुमारास शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी असते, बालनाट्याच्या तालमी असतात आणि पुढे स्नेहसंमेलन. हे सगळं दोन शिक्षकांच्या अंगावर आहे, एक क्रीडाशिक्षक आणि एक चित्रकलेचे सर. गाण्याला वेगळे शिक्षक नाहीतच, मराठीच्या बाई आवड म्हणून घेतात. सकाळी साडेसहाला मैदानावर पाणी मारून फक्कीच्या रेषा आखणारा माणूस तोच, दिवसभर तास घेणारा तोच आणि संध्याकाळी मुलं घरी पोचली का म्हणून फोन करणाराही तोच. याला आपण वर्षानुवर्षं "सर बघतील" म्हणत आलो.

पालकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार कानावर येते. आठवीपर्यंत खेळू द्यायचं, नववीला बंद. "आवं, दहावीचं वरीस तोंडावर आलंय, आता कसला खो-खो?" हे वाक्य मी माझ्या घरीही ऐकलं आहे. दहावीची काळजी मलाही आहे. पण खेळ बंद केलेली मुलगी तो दीड तास अभ्यासाला देते असं मी तरी पाहिलेलं नाही. तो वेळ मोबाइलमध्ये जातो, नाहीतर घरकामात, आणि मुलगी असेल तर घरकामातच. ज्यांना गुणांचा हिशोब हवा त्यांच्यासाठी सांगते, इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात, खेळात ठरलेला स्तर गाठला तर सवलतीचे गुण मिळतात, शास्त्रीय कला आणि लोककलेचीही तशी तरतूद आहे. त्यासाठी शाळेमार्फत वेळेत प्रस्ताव जावा लागतो. त्यामुळे प्रमाणपत्रं पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकू नका, झेरॉक्स काढून शाळेत द्या. तरीही माझं मन सांगतं की मुलांना मैदानावर पाठवायचं कारण हे गुण नसावेत.

आपण माणदेशातले लोक. पावसाने पाठ फिरवलेल्या याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली आणि दहावी आली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही चषक भारताने जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. आपल्या मुली ज्या मातीत खेळतात तोच हा खेळ.

आणि आपल्याच जिल्ह्यातले गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. खर्डेकर त्यांचे वडील नव्हते, नातेवाईक नव्हते. तुम्हाला घर गहाण ठेवायला कुणी सांगत नाही. एका आईने दोन दिवस द्यावेत एवढंच मागणं आहे.

आता कलेविषयी, कारण खेळात निदान ढाल येते, चित्रकलेचं कौतुक कमीच होतं. आपल्याकडून दरवर्षी तीस-पस्तीस मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे पेपर असतात. गेल्या वर्षी सराव परीक्षेत एक मुलगा पाण्याचा माठ आणि त्यावर पालथं तांब्याचं फुलपात्र काढत होता. त्याच्याकडे तपकिरी रंगाची बाटली सुकलेली होती. त्याने शेजाऱ्याच्या पॅलेटमधला उरलेला लाल आणि स्वतःचा हिरवा एकत्र कालवून माठाचा रंग जमवला, आणि माठाच्या पोटावर खिडकीतल्या उजेडाची जी पांढरी तिरीप पडली होती ती कोरा कागद सोडून दाखवली. मी सुपरव्हिजनला मदतीला गेले होते. त्या माठापाशी मी बराच वेळ उभी राहिले. त्याचे वडील मेंढरं घेऊन बाहेर होते, त्यांनी ते चित्र अजून पाहिलेलं नाही. स्नेहसंमेलनात यंदा चित्रांचं दालन लावायचं आहे, तेव्हा ते पाहतील अशी आशा आहे.

या मुलांना औंधला न्यायचं आहे. यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी चित्रसंग्रहालय आपल्यापासून जवळ आहे, तरी आपल्या बहुतेक मुलांनी ते पाहिलेलं नाही. ते उभारणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत आणि सूर्यनमस्काराचा त्यांनी आयुष्यभर प्रसार केला. चित्रकला आणि व्यायाम दोन्ही मुलांना हवेत हे आपल्या शेजारच्या गावाने फार आधी ओळखलं होतं. तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. रविवर्म्याचं चित्र पुस्तकात पाहणं वेगळं आणि मूळ चित्रासमोर उभं राहणं वेगळं.

खर्च किती आणि कशाला ते सरळ सांगते. यंदा एकूण १,२०,००० रुपये लागतील. त्यातला मोठा वाटा, ४५,०००, बाहेरगावच्या स्पर्धांचा प्रवास आणि जेवण. मुलींचा आणि सोबतच्या आईचा प्रवास स्वस्त पडतो, कारण २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. खो-खोच्या दोन्ही संघांना बूट हवेत, चोवीस जोड, साधारण २२,०००. वरच्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मुरमावर अनवाणी खेळलेली मुलगी मॅटवर वळताना घसरते, खांबाला हात लागायच्या आधीच तोल जातो, हे जिल्ह्याला डोळ्यांनी पाहिलं. रेखाकला परीक्षेचे रंग, कागद आणि ब्रश यांना १६,०००. नाटकाच्या नेपथ्य-वेशभूषेला १३,०००. हार्मोनियमचा भाता हवा धरत नाही आणि काळी चारचा सूर दाबला की अडकून बसतो, तबल्याची पुडी फाटली आहे, या दुरुस्तीला ९,०००. मैदानाची फक्की, प्रथमोपचार पेटी आणि किरकोळ ८,०००. औंधच्या सहलीला ७,०००.

ही वर्गणी नाही. कुणावर सक्ती नाही, आणि कुणी किती दिले यावरून मुलामुलीला संघात घेणं किंवा वगळणं होणार नाही. पन्नास रुपये दिले तरी पावती मिळेल. हिशोब दोन पालक ठेवतील आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो शाळेच्या फलकावर लावला जाईल. पैसे शाळेच्या कार्यालयातच द्यावेत, विद्यार्थ्यांच्या हाती पाठवू नयेत. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त केरळ-तमिळनाडूत असलेले आपले माजी विद्यार्थी, मुंबई-पुण्यात नोकरीला असलेले, तुम्हाला बँक खात्याची माहिती मुख्याध्यापकांकडून मिळेल. दिवाळीला गावी याल तेव्हा मैदानावरही या. बूट कुणाच्या पायात गेले ते बघा.

पैसे देणं जमणार नसेल तर मनात काही आणू नका. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आणि टँकर आहे त्यांनी आठवड्यातून एकदा मैदानाला पाण्याची एक खेप द्यावी. पाणी मारून रोलर फिरवला नाही तर आपल्याकडच्या मुरमावर मुलींचे गुडघे फुटतात. विहिरीला पाणी कमी आहे हे माहीत आहे, म्हणून एकाच घरावर भार नको, पाच-सहा घरांनी पाळी लावून घ्यावी. सुतारकाम करणारे पालक खो-खोचे दोन खांब नीट तासून बसवून देऊ शकतील, आत्ताच्या खांबाला फटी पडल्यात आणि सूर मारून पकडताना तळहातात लाकडाची कुसळं घुसतात. वायरमन पालकांनी तालमीच्या खोलीतले दिवे बघावेत. जुनी धोतरं, नऊवारी, फेटे, पुठ्ठे, पडद्याचं कापड, काहीही चालेल. वेशभूषा शिवायचं काम मी घेतलं आहे, अजून दोघी शिवणाऱ्या मिळाल्या तर स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री जागायला लागणार नाही.

आजोबांना एक वेगळी विनंती. आपल्या भागातलं गजीनृत्य, म्हणजे धनगरांचं ढोलावरचं रिंगणातलं नृत्य, मुलांनी शाळेत बसवायचं ठरवलं आहे. मुलं मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून पावलं टाकतात, पण ढोलाची चाल बदलली की रिंगण फुटतं आणि रुमालाचा हात चुकतो. वाडीवरच्या ज्या आजोबांनी जत्रेत गजी खेळली आहे, त्यांनी आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी पाचला यावं. ढोल शाळेचा आहे, तोही एकदा तपासून द्यावा. न्यायला-आणायला मुलं मोटारसायकल घेऊन येणार नाहीत, अठराच्या आतली आहेत. तरुण पालकांनी ती जबाबदारी घ्यावी.

स्पर्धा बघायला येण्याबद्दलही थोडं. तालुक्याच्या सामन्याला आपल्या बाजूने गेल्या वर्षी चार पालक होते, समोरच्या शाळेचे पन्नास. पहिल्या डावात आपल्या मुली मागे होत्या. सरांचा आवाज बसला होता. मग त्या चार पालकांनी एकेकीचं नाव घेऊन हाका मारायला सुरुवात केली. बारा जणींची नावं त्यांना पाठ होती. मुली जिंकल्या कशाने हे मला सांगता येणार नाही, पण बाद होऊन बाहेर आलेली प्रत्येक मुलगी आधी त्या चौघांकडे बघत होती.

येत्या शनिवारी दुपारी चार वाजता चित्रकलेच्या वर्गात पालकांची बैठक आहे. बसायला बाकं लहान आहेत, सांभाळून घ्या. कामांची एक वही तिथे ठेवली आहे: पाण्याच्या पाळ्या, तालमीला थांबणं, जेवणाचे डबे, हिशोब. वहीच्या पहिल्या पानावर विभागीय स्पर्धेला मुलींसोबत जाणाऱ्या आयांची यादी करायची आहे. दोघी हव्यात, आणि ऐनवेळी कुणाची अडचण आली तर म्हणून तिसरी. पहिल्या ओळीवर माझं नाव लिहून ठेवलं आहे.

आपली,
सहसचिव, पालक-शिक्षक संघ